राऊतकाका आणि रिक्षा स्टँडवरचा कावळा

बोईसरमध्ये राऊतकाकांचं व्याख्यान ऐकलेली माणसं कमी, चुकवलेली जास्त. कृष्णकांत राऊत मूळचे चिंचणीचे, चिकूची वाडी असलेल्या घरातले. सगळी नोकरी एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात झाली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, काका पक्ष्यांवर बोलायला लागले. वाचनालय असो की गणपतीचा मांडव, बोलावणं आलं की लॅपटॉप काखोटीला मारून ते हजर. नुसतं बोलत नसत, आवाजही काढत. एका सत्यनारायणाला त्यांनी पोथी संपायच्या आत भारद्वाज घुमवून दाखवला आणि गुरुजींची ओळ हुकली.

विजयाकाकू मात्र एकाही व्याख्यानाला गेल्या नव्हत्या. "घरी रोज ऐकते तेवढं पुरे," म्हणायच्या.

यंदाच्या मे महिन्यात काका स्टेशनजवळच्या रिक्षा स्टँडवर उभे होते. तिथल्या बदामाच्या झाडावरून कावळ्याचं एक पिल्लू धीरजच्या रिक्षाच्या टपावर पडलं. धीरज तिथलाच रिक्षावाला, पंचविशीतला. तो हात लावायला घाबरला. काकांनी पिल्लू अलगद उचललं, रिक्षाच्या कडेवर पाय देऊन वर चढले आणि त्याला फांदीवर ठेवलं. खाली उतरून ते समाधानानं हात झटकतात तोच मागून पिल्लाच्या आईनं की बापानं त्यांच्या टकलावर सणसणीत चोच मारली.

"घाबरला बिचारा," काका टक्कल चोळत म्हणाले.

बिचारा दुसऱ्या दिवशीही घाबरलेलाच होता. तिसऱ्या दिवशी तर काका अजून कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी होते, तेवढ्यात तो सरळ अंगावर आला. स्टँडवर शंभर माणसं ये-जा करत, पण चोच फक्त काकांना. त्यांनी टोपी घातली. कावळ्यानं टोपी उडवली. छत्री धरली, तर तो छत्रीवर बसून ओरडला. एकदा काकूंची ओढणी डोक्यावरून गुंडाळून, तोंड झाकून निघाले. कावळा क्षणभर थांबला, मान वाकडी करून त्यानं नीट पाहिलं आणि ओढणीवरूनच चोच मारली.

"काका, तो तुमची चाल वळखतो," धीरज म्हणाला. "आमाला नाय काय करत."

दुसरा एक रिक्षावाला तर त्यांना लांबून पाहिलं की ओरडायचा, "चाचा, आ गया आपका दोस्त! भागो!"

घरी वेगळंच निघालं. शेजारच्या चारुतावहिनींनी काकूंना गाठून हळूच विचारलं, "तुमच्या मामंजींची जाताना काही इच्छा राहिली होती का हो?"

काकू संध्याकाळी नवऱ्यासमोर बसल्या. "मामंजींना वाटत होतं तुम्ही वाडी बघावी. तुम्ही कारखान्यात गेलात."

"अगं, तो पिल्लाचा बाप आहे, माझा नाही!"

"रागावायची तऱ्हा तरी तीच आहे," काकू म्हणाल्या.

त्या रात्री काकांना वाईट वाटलं ते कावळ्याचं नव्हे. पक्षी माणसाचा चेहरा ओळखतात, लक्षात ठेवतात, हे ते इतकी वर्षं सांगत आले, आणि ऐकणारे घड्याळ बघत आले. आता सगळ्या स्टँडला ते कळलं होतं, पण हसत हसत, त्यांच्या टकलावरून.

सकाळी त्यांनी मुलाचं हेल्मेट घातलं आणि स्टँडवर जाऊन बदामाखाली उभे राहिले. कावळा आला. टक्. टक्.

"बघा," काका हेल्मेटची काच वर करून ओरडले, "हा का मारतोय मला? बोला!"

शिफ्टच्या बसची वाट बघणारे कामगार वळले. भाजीवाल्या उठून आल्या. काका धेडगुजरी हिंदीत बोलायला लागले, "मैंने इसका बच्चा उठाया. इसको लगता है मैं चोर हूँ. ये मेरा थोबडा याद रखेगा, और अपने भाईबंद को भी दिखाएगा." मध्येच टक्. लोक हसले, पण हलले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा समोरचं कुणी घड्याळ बघत नव्हतं. कामगारांनी तर बस जाऊ दिली.

गर्दीच्या मागून एक बाई म्हणाली, "मग त्याची माफी कशी मागायची?"

काका वळले. पिशवी घेऊन विजयाकाकू उभ्या होत्या. बाजारात निघाल्या असतील. "माहीत नाही," ते म्हणाले. व्याख्यानात हे शब्द त्यांनी आजवर उच्चारले नव्हते. "पिल्लू उडेपर्यंत मार खायचा."

त्यांनी तो खाल्ला. पावसाच्या तोंडावर पिल्लू उडालं, तशी चोचही थांबली. पण मनोरच्या बाजारातून, कोळगावच्या एका कार्यालयातून बोलावणी यायला लागली, आणि अट एकच: हेल्मेट आणा.

परवा धीरजचा फोन आला. "काका, बुलबुलनं माझ्या रिक्षात घर बांधलंय. अंडी पन हायत. आता मी काय करू?"

"गाडी हलवू नकोस. येतो."

"मग धंदा?"

शेजारी बसलेल्या काकूंनी फोन ओढून घेतला. "धीरज, आमची स्कूटर ने तोवर, एकेक सवारी मागं बसव. आणि जिथं जाशील तिथं घरट्याचं सांग लोकांना. हे एकटे किती बोलणार?"