विझल्यानंतरची राखण

टोकावड्याच्या स्टँडवर ती मला अधूनमधून दिसायची. भट्टीतल्या लाकडी कोळशाचं पोतं पुढ्यात घेऊन मुरबाडच्या एसटीची वाट बघणारी, साठीच्या पुढची बाई. तिचं नाव मी कधी विचारलं नाही. गाडी येईपर्यंत ती सारखा हात उलटा करून पोत्याला लावून बघायची. "वरनं गार लागतो, पोटात जिता असतो," असं तिनंच एकदा सांगितलं होतं.

त्या दिवशी मी तिथल्या शाळेत अणुसंमीलनावर भाषण देऊन परतत होतो. घसा बसला होता. हातातल्या पोस्टरवरचं, आत जाळ पेटलेलं पोलादी कडं बघून तिनं विचारलं, "कसली भट्टी, मास्तर?"

"सूर्यासारखी. हिच्यातून वीज करायची. धूर नाही. बिघडली तर आपोआप विझते, स्फोट व्हायची भीती नाही." सकाळपासून हेच तर बोलत होतो.

"आनि इझल्यावर?"

वर्गात हे कुणीच विचारलं नव्हतं.

"आतल्या पोलादी भिंती किरणोत्सारी झालेल्या असतात. दोन-तीन पिढ्या त्यांना हात लावायचा नाही. राखण ठेवावी लागते."

तिनं पोत्याला पुन्हा उलटा हात लावला. मग म्हणाली, "भट्टी लावताना आमाला कोन इचारत नाय. राखनीला मात्र आमीच."

गाडी आली. पोस्टर गुंडाळून पोतं चढवायला मी हात दिला. माझ्या शेजारी टेकताना तिनं गुंडाळलेल्या पोस्टरला उलटा हात लावला.

"गार हाय," ती म्हणाली.

तरी घरापर्यंत मी ते अंगापासून जरा लांबच धरलं.