डेलने मागे ठेवलेलं कार्ड

दर रविवारी आमच्या गावच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. मी जुनी काचेची भांडी विकते. माझ्या टेबलाला लागून लेस्टर हुटनिकचं टेबल, बेसबॉलच्या जुन्या कार्डांचं. च्युइंगगमच्या पाकिटात मिळायची ती. पुढे खेळाडूचं चित्र, मागे त्याच्या खेळाचे आकडे.

कुणी कार्डं विकायला आणली की लेस्टर आधी ती उलटी करायचा.

"तुझं लग्न का झालं नाही ते कळलं," मी म्हणायचे. "बायकांचीही आधी पाठच बघत असशील."

"पाठ खोटं बोलत नाही, वर्ना."

चेष्टा करायचे खरी, पण तो पाठ का बघतो ते अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. त्याचा थोरला भाऊ डेल व्हिएतनामच्या लढाईला निघाला, तेव्हा बस थांब्यावर शाळकरी लेस्टरला म्हणाला होता, "माझ्या एका कार्डावर तुझ्यासाठी काहीतरी लिहून ठेवलंय. शोधून काढ." लेस्टरला वाटलं, घाई काय आहे. मग डेल गेल्याची तार आली. त्याची कार्डांची खोकी डोळ्यांसमोर नको झाली म्हणून आईने ती चर्चच्या विक्रीत देऊन टाकली. लेस्टर शाळेतून आला तर कपाट रिकामं. आईला तो एका शब्दाने बोलला नाही, पण पुढे त्याने धंदा पत्करला तो हाच. कार्डं याच खोऱ्यातल्या घराघरांत गेली असणार, एक ना एक दिवस डेलने लिहिलेलं ते कार्ड आपल्या हाती लागेल, एवढ्यावर तो माणूस जगला.

मागची बाजू बघायचा, कारण डेल मागेच लिहायचा. पुढे लिहून चित्र नासवणारी पोरं म्हणजे गाढवं, असं डेलचं मत. आणि अशी गाढवं आमच्याकडे पैशाला पासरी होती. खेळाडूने संघ बदलला की त्याच्या छातीवर पेन्सिलीने नव्या संघाचं नाव खरडायचं, की झालं.

गेल्या शरदात एका मेलेल्या म्हातारीच्या घरातली चिकटवही लेस्टरकडे आली. काळ्या कागदावर कार्डं खळीने डकवलेली, त्यामुळे मागची बाजू दिसायची सोय नव्हती. बाजार थंड होता, म्हणून तो तिथेच कामाला बसला. त्याची रीत ठरलेली. आधी पुढची पेन्सिल खोडायची, कारण कार्ड भिजलं की ती नीट निघत नाही. मग कोमट पाण्यात सोडायचं, कागद आपोआप सुटतो. चर्चमधले पिरोगी, म्हणजे कोबी भरलेल्या उकडलेल्या करंज्या, हल्ली पिठूळ लागतात, यावर आमचा वाद चालला होता आणि त्याचं खोडरबर चालू होतं.

पाण्यातून एक कार्ड काढून त्याने सवयीने उलटं केलं. मग ते माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिलीच्या अक्षरांना पाण्याने काही झालं नव्हतं. "लेस्टर, या वेळी पुढे लिहिलंय. डेल."

मी ते सुलटं केलं. चित्र लख्ख होतं.

"काय लिहिलं होतं?" मी विचारलं.

"वाचलं नाही. संघाचं नाव असेल असं वाटलं."

भिंग लावलं, खिडकीशी तिरकं धरलं. कागदावर साधा वळही नव्हता. मला डेलचाच राग आला. जन्मभर मागे लिहिलंस, मग त्याच दिवशी तुला काय झालं होतं? मेलेल्या माणसाशी भांडून उपयोग नसतो, तरी घरी जाईपर्यंत मी त्याच्याशी भांडत होते.

लेस्टर अजून येतो. टेबल मांडतो, पण गिऱ्हाइकाकडे त्याचं लक्ष नसतं. ते कार्ड माझ्यासमोर धरतो आणि दर रविवारी तेच विचारतो.

"मी खोडत होतो तेव्हा तू समोरच बसली होतीस ना गं? काही दिसलं होतं का तुला? एखादं अक्षर?"

"नाही रे," मी म्हणते.

खरंच नव्हतं दिसलं. पण इतक्यांदा विचारलंय त्याने, की हल्ली भांडी पुसता पुसता माझा हात थांबतो. त्याच्या बोटाखाली लिहिलेली एक ओळ मला दिसते, आणि मी ती वाचायला जाते तोवर तो ती खोडून टाकतो.