शिंगराला हात लावताना

नवरा अपघातात गेल्यावर वर्षभर मी सोनपेठला माहेरी राहिले. एके दुपारी सासरे एसटीनं आले. पाणी प्यायले, माझ्या मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला. मला वाटलं, कुठल्यातरी कागदावर सही हवी असेल. मग म्हणाले, "घोडी व्यायला आलीय, माय. माझे हात आता थरथरायलेत. तू चल."

येलदरीजवळच्या एका घोड्यांच्या फार्मवर ते तीसेक वर्षं घोडी सांभाळणारे मोतद्दार होते. लग्नानंतर चार वर्षं मी त्यांच्याच घरात होते, पण आमच्यात बोलणं असं नव्हतंच. जेवायला वाढू का, एवढंच. घोड्याला तर मी कधी हातही लावला नव्हता. तरीही दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन त्यांच्या मागोमाग निघाले. का निघाले, ते आजही नीट सांगता येत नाही.

तिसऱ्या पहाटे तांबडी घोडी व्याली. शिंगरू ओलंचिंब, नुसते पायच पाय. मी पुसायला फडकं घेऊन पुढं झाले तर सासऱ्यांनी अडवलं. आधी आईला चाटू दे, म्हणाले. ते उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं, चीक प्यायलं, तोवर आम्ही भिंतीला टेकून बसून होतो. मग त्यांनी मला जवळ जायला सांगितलं, तेही बसूनच सरकत, म्हणजे मी त्याला मोठी वाटणार नाही.

पुढचे दोन महिने हेच माझं काम. आधी मान, मग पाठ, कान, ओठ, पोट आणि सगळ्यात शेवटी पाय. जिथं हात ठेवला तिथून तो लगेच काढायचा नाही. शिंगराचं अंग सैल पडेपर्यंत थांबायचं आणि मग काढायचा. घाईनं काढला तर झटका दिला की सुटका होते, हेच ते शिकतं. पुढं नाल ठोकताना घाबरू नये म्हणून त्याच्या मऊ खुरांवर बोटांनी टकटक करायची. सुईची भीती वाटू नये म्हणून मानेची कातडी चिमटीत धरून सोडायची. सासरे लाकडी पेटीवर बसून सांगत राहायचे. एवढं बोलणारा माणूस आमच्या घरात होता, हे मला माहीतच नव्हतं.

एकदा शिंगरू मागचा पाय सारखा ओढून घेत होतं. ते बघता बघता सासरे म्हणाले, "त्योबी असाच करायचा. शाळेत जाताना बूट घालू द्यायचा न्हाई." मुलगा गेल्यापासून त्याच्याविषयी ते पहिल्यांदाच बोलले होते. मी शिंगराच्या पायावरचा हात तसाच ठेवला आणि मान खालीच ठेवली.

मग घोडीच्या नाकातून पाणी यायला लागलं. सर्दी म्हणून काढा दिला. अंगावर गाठी दिसल्या तेव्हा मालकांनी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी फार्मवरच्या सगळ्याच घोड्यांचं रक्त तपासायला घेतलं. शिंगरानं सुईला मान पुढं केली तेव्हा डॉक्टरांनी कौतुकानं माझ्याकडं बघितलं. मलाही बरं वाटलं होतं.

रोग ग्लँडर्स निघाला. त्याला इलाज नाही, माणसालाही होतो, आणि झालेलं जनावर जिवंत ठेवता येत नाही. खात्री करायला पुन्हा रक्त नेलं. बाकीचे घोडे निरोगी निघाले. घोडी आणि शिंगरू, दोघांचे निकाल बदलले नाहीत. आमचंही रक्त तपासलं. त्यात काही निघालं नाही.

ठरल्या दिवशी डॉक्टर आणि त्यांची माणसं आली. मागच्या माळावर खड्डा खणून चुन्याची पोती आणून ठेवली होती. अनोळखी माणसांनी धरलं तर जनावरं बिथरतील म्हणून आम्हीच धरायचं ठरलं, आम्हालाही हातमोजे, मास्क, पांढरे कपडे घालायला दिले. आधी घोडीच, असं डॉक्टर म्हणत होते. सासऱ्यांनी हात जोडले आणि सांगितलं की लेकराला आधी जाऊ द्या, आईमागं ते घटकाभरसुद्धा एकटं राहायला नको. डॉक्टरांनी ऐकलं.

सासऱ्यांनी घोडीला धरलं, मी शिंगराला. त्या कपड्यांत त्यानं मला ओळखलं नाही, दोन पावलं मागं सरलं. मी जमिनीवर बसले, तसं लगेच जवळ आलं. मान चिमटीत धरली तर हललंसुद्धा नाही. पहिलं इंजेक्शन झोपेचं होतं. माझ्या मांडीवर त्याचं डोकं जड झालं. घोडीनं त्याला हुंगलं आणि चाटायला लागली. तिच्या मानेला मिठी मारून सासरे उभे होते. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

आठवड्यानंतर एका संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "माणसाला भ्यायला शिकवायला पायजे व्हतं त्याला."

"भ्यालं असतं तरी धरलंच असतं, मामा," मी म्हणाले. "चौघांनी, दोरी टाकून."

त्यांनी ताट तसंच ठेवून हात धुतले.

ते पुन्हा फार्मवर गेले नाहीत. पुढच्या वर्षी दुसरी घोडी गाभण होती, तेव्हा मालकांनी निरोप पाठवला. सासरे म्हणाले, तिला विचारा. मी गेले, आणि अजूनही जाते. त्यानंतर पाच शिंगरं माझ्या हाताखाली वाढली, सगळी धडधाकट. पहिल्या दिवशी मानेला हात लावण्याआधी मात्र घोडीचं नाक कोरडं आहे ना, ते बघून घेते.

घरी आले की सासरे नातीच्या अभ्यासाचं बोलायचे, धरणाच्या पाण्याचं बोलायचे. घोड्यांचं कधी विचारलं नाही. मागच्या थंडीत ते गेले. शेवटच्या दिवसांत मी त्यांचे थरथरणारे हात धरून बसत असे, थरथर जरा कमी होईपर्यंत. एकदा त्यांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं. तोवर त्यांचं बोलणं गेलं होतं. अंग सैल पडेपर्यंत मी हात काढला नाही.