सदर इसम जिवंत आहे

हवालदारबाईंचं अक्षर मोत्यासारखं, आणि तेच त्यांच्या मुळावर आलं. कुणी बुडालं, कुणी गाडीखाली आलं, की साहेब ठाण्यातून ओरडायचे, "बाईंना पाठवा रे, त्यांचा पंचनामा कोर्टात टिकतो!" बावीस वर्षं त्या टेप, पॅड आणि दोन पेनं घेऊन अशा जागी जात राहिल्या. दारापासून पलंग किती फूट, खिशात काय, सदऱ्याला बटणं किती, काहीही त्यांच्या नजरेतून सुटत नसे. "आम्ही म्हणजे वरातीमागून घोडं," असं त्या नवऱ्याला म्हणायच्या आणि हसायच्या. नवरा मात्र हसत नसे. बायको हे कशावरून म्हणते, ते त्याला ठाऊक होतं.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात पुलाजवळ एका सायकलवाल्याला ट्रकनं उडवलं होतं. वरिष्ठ म्हणाले, "हात लावू नकोस. अँब्युलन्स येतेय. तू मापं घे." बाईंनी टेपचं टोक धरलं. टेप सरळ करताना त्यांचा हात त्या माणसाच्या हाताला लागला, तर तो चांगला ऊबदार. त्याचे ओठही हलत होते. वाकून 'काय म्हणताय?' असं विचारावं, एवढंसुद्धा बाईंना सुचलं नाही. सुचलं असतं तरी पुढं काय करायचं ते कुठं येत होतं? अँब्युलन्स आली तेव्हा तिचं काम उरलं नव्हतं. संध्याकाळी बाईंनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'शरीर थंड.' तेव्हापासून त्यांना एकच आस लागून राहिली, की आयुष्यात एकदा तरी आपण वेळेवर पोचावं, आणि वेळेवर पोचलेल्या माणसानं काय करायचं असतं ते आपल्याला यावं.

चाळिशी उलटल्यावर खात्यानंच त्यांना पदवीला पाठवलं, तेव्हा बाईंच्या मनात ती आस पुन्हा उसळून आली. कॉलेज एकच, इमारतही एकच. खालच्या मजल्यावर आरोग्यशास्त्र, वर पोलीस नेतृत्व. पहिली दोन वर्षं दोन्हीकडचे तास, तिसऱ्या वर्षी कुठली तरी एक वाट धरायची. वरची वाट धरली की फौजदारकी जवळजवळ खिशात. बाईंनी फॉर्मवर खालची लिहिली.

साहेबांनी कपाळावर हात मारला. "बाई, हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागताय? खांद्यावर तारे लागायची वेळ, आणि तुम्ही नाडी बघत बसणार?"

बाईंनी फॉर्म सहीसाठी पुढं सरकवला. खरं सांगायला गेल्या असत्या तर साहेबांच्या टेबलासमोर रडूच फुटलं असतं.

आरोग्यशास्त्राला अट एकच होती, प्रात्यक्षिक. एका रुग्णाला अर्ध्या तासात तपासायचं आणि टिपण लिहायचं. संधी दोनच. दोन्ही हुकल्या की मुकाट्यानं जिना चढून नेतृत्वाकडं जायचं.

लेखी परीक्षेची बाईंना कधीच भीती नव्हती. वर्गातल्या पोरांच्या आधी त्या हाडांची नावं घडाघडा म्हणून दाखवत. प्रात्यक्षिकाला रुग्ण म्हणून एक शिंपीकाका होते. साठी उलटलेली, जुना मधुमेह, तोंडाचा पट्टा अखंड चालू. दर परीक्षेला कॉलेज त्यांना बोलवायचं आणि ते हौसेनं यायचे. बाईंनी त्यांना नीट न्याहाळलं, तीन पानं लिहिली आणि वेळेआधी दिली. परीक्षक मॅडम मोठ्यानं वाचू लागल्या.

"'सदर इसम पलंगाच्या कडेला बसलेला असून वय अंदाजे पासष्ट. सदऱ्याचं वरून तिसरं बटण वेगळ्या रंगाचं. गळ्यात माप घ्यायची टेप. चप्पल फक्त डाव्या पायात. उजवी चप्पल दारापाशी, पलंगापासून नऊ फुटांवर.'" मॅडमच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. "अहो बाई, सदर इसम जिवंत आहे! तुम्ही त्यांना एक शब्द विचारला नाहीत!"

"मला वाटलं, अटकच होतेय आता," शिंपीकाका म्हणाले आणि स्वतःही खो-खो हसले. हसता हसता दारापाशी गेले आणि चप्पल घालून आले.

बाईही हसल्या. मग बाहेरच्या नळावर जाऊन त्यांनी बराच वेळ तोंड धुतलं. मॅडम म्हणत होत्या त्यात खोटं काही नव्हतं. बावीस वर्षांत ज्यांच्यासाठी त्यांना बोलावलं, त्यांतल्या एकानंही कधी उत्तर दिलं नव्हतं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. बाईंना तर मेलेल्यांनीच खोड लावली होती.

पुढचे सहा महिने त्यांनी विचारायचा सराव केला. वरच्या मजल्यावरचे निवृत्त अधिकारी तासाला सांगायचे, "हुकूम सोडण्याआधी विचारा," ते बाईंनी वहीच्या पुठ्ठ्यावरच लिहून ठेवलं. घरी नवऱ्याला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं.

"काय होतंय?"

"भूक लागलीय."

"कधीपासून?"

"लग्न झाल्यापासून."

"सरळ उत्तर द्या हो! माझी शेवटची संधी आहे ही."

नवरा मग गंभीर झाला, आणि त्यानं खरोखर दुखणारा गुडघा सांगितला. तो गुडघा चार वर्षं दुखत होता. बाईंना ते तेव्हा कळलं.

दुसऱ्या परीक्षेला तीच खोली, खिडकीपाशी त्याच मॅडम आणि पलंगावर तेच शिंपीकाका. फक्त त्यांच्या उजव्या पायाला बँडेज होतं आणि अंगठ्याची जागा सपाट दिसत होती. बाईंनी पॅड बाजूला ठेवलं आणि स्टूल पुढं ओढलं.

"काका, काय झालं हे?"

"टाचणी रुतली होती, अंगठ्याच्या मुळाशी. आता शिंप्याच्या पायात टाचणी, त्यात नवल ते काय? पण मला कळलंच नाही बघा. आत पू झाला तरी कळलं नाही. शेवटी अंगठाच काढावा लागला."

"दुखलं नाही?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं की! साखरेनं पाय मुका झाला होता. चप्पल पायातून निसटायची तरी पत्ता नसायचा. गिऱ्हाइकं मागून हाका मारायची, अहो काका, चप्पल राहिली!"

बाईंना नऊ फूट आठवले. खिडकीपाशी मॅडमनी हातातला कागद खाली ठेवला.

"तुम्ही लिहिलं होतंत," त्या हळूच म्हणाल्या. "आणि मी हसले."

म्हणजे दिसलं होतं, मोजलंही होतं, फक्त विचारायचं राहिलं होतं. जिवंत माणसापाशीसुद्धा आपण उशिराच पोचलो, हे बाईंना कळलं. वाटलं, उठावं, जिना चढावा, तारे लावून घ्यावेत आणि हा नाद कायमचा सोडावा. त्या उठल्यासुद्धा. तेवढ्यात त्यांची नजर डाव्या पायाकडं गेली. त्या पायात चप्पल होती. पाचही बोटं होती.

बाई खाली बसल्या. चप्पल काढली. तळवा उलटसुलट बघितला, जखम नव्हती.

"डोळे मिटा काका. कुठं काही लागलं की सांगा."

शिकवल्याप्रमाणे त्यांनी नायलॉनचा धागा बोटांखाली टेकवला. काका काही बोलले नाहीत. टाचेला टेकवला. काही नाही. वेळ संपल्याची घंटा झाली. मॅडमनी दारातल्या शिपायाला हातानंच थांबवलं. बाईंच्या कागदावर त्या दिवशी दोनच ओळी होत्या, आणि त्यांवर मॅडमनी 'उत्तीर्ण' लिहून सही केली, पण ते नंतर. आत्ता बाईंना घंटा ऐकूही आली नव्हती. त्यांनी धागा ठेवून दिला आणि तळव्याच्या खोलगट भागावर आपला सगळा पंजा टेकवला. टेकवून धरला. त्या वाट बघत राहिल्या.

"कळतंय," काका डोळे मिटूनच म्हणाले. "हात थंड आहे तुमचा, बाई."