हवा पोसते म्हणे

प्रयोगशाळेत तिला सगळे चिमटाताई म्हणत. मातीच्या नमुन्यातलं केसाएवढं मूळही ती चिमट्यानं वेचून काढायची, आणि बोलतानाही चिमटे काढायची. लग्न केलं नाही. म्हणायची, “मातीशी पटतं माझं. उलट बोलत नाही.”

धाकट्या भावाच्या शेतात तिनं नळ्यांची रिंगणं उभारली होती. काही वर्षांनी हवेत जेवढा कर्बवायू असेल, तेवढा त्या नळ्या आत्ताच गव्हावर सोडत. वायू वाढल्यावर मातीत कर्ब साठतो की घटतो, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. निवृत्तीआधी हा एकच प्रश्न सोडवायचा होता.

उत्तर हाती आलं होतं. रिंगणात गहू दणकट, पण मातीतला कर्ब बाहेरच्यापेक्षा कमी! ते सांगायला ती तडक शेतावर आली, तर भाऊ रिंगणातला पेंढा हातगाडीवर रचत होता.

“हा कुठे निघाला?”

“शेजाऱ्याच्या गोठ्यात. दरवर्षी देतो की.”

“दरवर्षी? सगळीकडे पेंढा मातीत गाडायचं ठरलं होतं ना? त्यातूनच मातीला कर्ब मिळतो!”

“बाहेर गाडतोच. रिंगणात कशाला? ताई, तूच म्हणालीस, वायू वाढला की मुळं जोमानं वाढून मातीला खाऊ घालतात. हवा पोसतेय, मग आपण कशाला मरायचं?”

“अर्धंच ऐकलंस!” तिचा आवाज चढला. “वाक्य संपायच्या आत जेवायला उठला होतास! मुळं गोड रस सोडतात, तो पिऊन मातीतले जंतू माजतात आणि कर्बाचा जुना साठाही खाऊ शकतात. खातात का, किती खातात, हेच तर मोजत होते मी! आता जगाला काय सांगू? कर्ब कुणी खाल्ला, जंतूंनी की तू?”

वहिनी बांधावरून म्हणाली, “जाऊ द्या ना ताई, मूठभर पेंढा तो.”

“मूठभर? माझी सगळी वर्षं आहेत त्या गाडीवर!”

तिनं पिशवी फेकली आणि गाडीवरच्या पेंढ्या भराभर खाली ओढल्या. भाऊ एकेक उचलून रिंगणात नेऊ लागला.

“पुन्हा मोजशील?”

“मोजेन. निवृत्त झाले तरी येईन, हाकललंस तरी येईन,” ती धापा टाकत म्हणाली. “नीट पसर. आणि मग बस इथे. जेवण नंतर. आधी वाक्य पूर्ण ऐक.”