चौथ्या खांबाजवळची थरथर

घुग्घुसच्या रस्त्यावर मोटारसायकल तासभर उभी केली की सीटवर धूळ बसते, तसे आमच्या ऑफिसात किस्से बसतात. झटकले नाहीत तर माणसाला बसायला जागा उरायची नाही!

भद्रावतीच्या पुढे, जमिनीत खूप खोल, कार्बन डायऑक्साइड पंपानं भरून ठेवायचा प्रयोग चालतो. वायू खाली हलला तर कळावं म्हणून बांधाबांधांवर सेन्सर पुरलेत आणि प्रत्येकाजवळ नंबराचा खांब आहे. साहेबांचा नियम एकच. "ज्या थरथरीचं कारण सापडत नाही, ती खालची. अशा तीन झाल्या की पंप बंद अन् आपण सगळे घरी!"

कारणं शोधून रजिस्टरात लिहायचं काम माझं. मोठी थरथर आली की ऑफिसातून फोन येतो आणि मी मोटारसायकल काढतो. बारीकसारीक मात्र दुसऱ्या दिवशी सेन्सरच्या आलेखाच्या कागदावरच दिसतात.

*

चौथ्या खांबाजवळ रोज सकाळी थरथर. पाहिलं, तर बांधालगतच्या शेतातल्या पार्बताबाईंची म्हैस खांबाला अंग घासत होती. रिपोर्ट गेला, "कारण: म्हैस."

हेड ऑफिसचं उत्तर आलं, "संबंधितास बांधून ठेवावे."

पार्बताबाई म्हणाल्या, "बांधतो. पण तिची खाज का तुमच्या सायबाकडं पाठवू?"

*

दहाव्या खांबावरून वरात गेली, डीजेसकट. दुसऱ्या दिवशी नवरदेव ऑफिसात हजर. "साहेब, आमच्या वरातीचा तो कागद द्या ना. फ्रेम करून लावतो!"

*

गावच्या सभेत साहेबांनी समजावलं, हा वायू झाडं खातात.

पार्बताबाई उठल्या. "मंग जमिनीत काऊन पुरता? इथी एवढं जंगल उपाशी उभं हाय!"

साहेबांनी पाणी मागवलं.

*

म्हैस बांधली, तरी चौथ्या खांबाजवळ नवीनच भानगड. ट्रॅक्टर गेला की अर्ध्या तासानं दुसरी, बारीक थरथर. तिचं कारण सापडेना. एक झाली, दोन झाल्या. साहेबांचा डबा न उघडता घरी जाऊ लागला.

तिसरी कागदावर दिसली, तसे साहेब आणि मी कागद घेऊन थेट पार्बताबाईंकडे.

"बाई, ट्रॅक्टर गेल्यावर इथं कोण येतं?"

"हे भाऊच येतेत. वहीत लिहितेत, अन् मंग दुरमुसानं माती ठोकतेत. धपाधप!"

सेन्सरवरची माती घट्ट हवी, असं ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं. मी ते फार मनावर घेतलं होतं.

साहेबांनी रजिस्टर चाळलं. म्हशीपासून वरातीपर्यंत सगळं होतं.

"साऱ्या गावाचं लिहिता भाऊ," पार्बताबाई म्हणाल्या, "सोताचं काऊन नाई लिहीत?"

साहेबांनी तिन्ही थरथरींपुढे एकच कारण लिहिलं, "नोंद करणारा." पंप वाचला.

चार दिवसांनी हेड ऑफिसचं उत्तर आलं.

"संबंधितास बांधून ठेवावे."