सगळं जागेवर लावणारे साडूभाऊ

घर बदलणाऱ्या माणसाचं दुःख साऱ्या मराठवाड्यात एकाच माणसाला कळतं, आणि तो माणूस म्हणजे आमचे थोरले साडू. नोकरीत अकरा बदल्या भोगलेला हा गृहस्थ निवृत्त झाला तेव्हा त्याला घर हलवायची चटकच लागलेली होती. नात्यात कुणी सामान बांधायला घेतलं, की साडूभाऊ न बोलावता सुतळीचा गुंडा घेऊन दारात हजर. सगळ्यांवर ओरडायचा हक्क त्यांना जन्मतःच मिळालेला. आमचं कपाट जिन्यावरून मुकाट, पडेल चेहऱ्यानं चढवणाऱ्या टेम्पोवाल्याला ते म्हणाले, "मियाँ, कपाट है, मय्यत नहीं. जरा हसते हुए उठाओ!" तो हसला, आणि कपाटाचा एक पाय भिंतीचा पोपडा घेऊन वर गेला.

नव्या जागी गेल्यावर शेजाऱ्यांना काही द्यायला जाऊ नये, मागायला जावं, हा त्यांचा सिद्धांत. "देणाऱ्याला लोक इसरतात, मागणाऱ्याला नाय," असं म्हणून ते समोरच्या भाभींकडं पक्कड मागायला गेले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या खिशातून पक्कड डोकावत होती. भाभींनी ती पाहिली, आणि तरीही आतून दुसरी आणून दिली. त्या दिवसापासून आमच्या दोन्ही घरांचं येणंजाणं सुरू झालं.

पण पडेगावच्या त्या नव्या घरात आम्ही हौसेनं आलोच नव्हतो. आई गेली आणि सिल्लोडच्या घरात आण्णा, म्हणजे माझे वडील, एकटे उरले. निवृत्त शिक्षक, पण विसर पडू लागलेला. दोनदा गॅस चालू राहिला. शेवटी ते घर मोकळं करून, पडेगावला ही मोठी जागा घेऊन मी त्यांना इकडं आणलं. आले ते चप्पल पायात ठेवूनच खुर्चीवर बसले. पिशवी मांडीवर. "चल आता. संध्याकाळची सिल्लोडची बस गाठायची."

मी समजावलं. आई नाही, ते घर आता आपलं नाही, हे सांगितलं. आण्णांनी प्रत्येक वेळी ते पहिल्यांदाच ऐकलं आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा तसाच पडला. तिसऱ्यांदा मी आवाज चढवला, तेव्हा साडूभाऊंनी मला दंडाला धरून बाजूला केलं.

"व्हय, जाऊ की आण्णा," ते म्हणाले. "पर डबे तसेच पडलेत. माझं अक्षर म्हंजी कोंबडीचे पाय. तुमी नावं लिहून द्या, उद्या निघू."

आण्णांनी चष्मा लावला. फळ्यावर लिहावं तशा वळणदार अक्षरात डाळ, साखर, पोहे अशा चिठ्ठ्या लिहिल्या. पापडांच्या डब्यासाठी त्यांनी लिहिलं, 'हिला विचारून उघडणे'. माझी बायको तोंड फिरवून आत गेली. साडूभाऊंनी मात्र ती चिठ्ठी नीट खळ लावून डब्यावर चिकटवली.

दुसऱ्या दिवशी पुस्तकं निघाली, तिसऱ्या दिवशी पडदे. एका दिवसासाठी आलेले साडूभाऊ नऊ दिवस राहिले. लावलेली फडताळं ते दुपारी गुपचूप उपसून ठेवीत, म्हणजे संध्याकाळच्या बसच्या वेळेला आण्णांना काम असे. एकदा मी वैतागून म्हणालो, "साडूभाऊ, असं किती दिवस चालवणार?"

ते पडद्याचा दांडा पुसत होते. "सोयगावहून मी आईला आणलं ना," ते म्हणाले, "त्या दिवशी दिवसभर सामान लावत बसलो. लई नीट लावलं. संध्याकाळी बघतो तर सगळं जागेवर, आई तेवढी नाय. सोयगावची वाट धरली होती म्हातारीनं. सापडली, पर उन्हानं पार करपून. पंधरा दिवसांत गेली." मग दांडा माझ्या हातात देऊन ते खेकसले, "धरा सरळ! कसलं धरलंय हे?"

दहाव्या दिवशी ताईंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला आणि साडूभाऊंना निघणं भाग पडलं. आण्णांना सांगायचं कसं, या विचारात ते सकाळभर सुतळीचा गुंडा उकलत आणि पुन्हा गुंडाळत बसले. अखेर त्यांनी वाकून नमस्कार केला. "येतो आण्णा."

आण्णा उठले. अनवाणीच फाटकापर्यंत चालत आले. साडूभाऊ नेमके कोण, हे त्यांना आठवत होतं असं मला वाटत नाही. पण पाहुण्याला निरोप कसा द्यायचा, हे ते विसरले नव्हते. फाटकावर हात ठेवून म्हणाले, "सवडीनं या पुन्हा. मुक्कामाला या. संकोच करू नका, घर आपलंच आहे."

घराजवळच्या दौलताबाद रस्त्यावर रिक्षावाल्याशी भाड्यासाठी घासाघीस केल्याशिवाय साडूभाऊ कधी बसले नाहीत. त्या दिवशी जी पहिली रिक्षा थांबली तीत ते मुकाट्यानं बसले आणि मागं वळून न पाहता निघून गेले. आण्णा रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले, आणि मग मला म्हणाले, "भला माणूस आहे. चल, आत जाऊ."